पुन्हा पाहावे

चुंबकाच्या खोलीबाहेर भिंतीला एक फळी आहे आणि फळीवर प्लॅस्टिकचा ट्रे. आत जाणाऱ्यानं अंगावरचं लोखंड आणि खिशातली कार्डं त्यात काढून ठेवायची. आतला चुंबक कुणाची भीडभाड ठेवत नाही, किल्ल्या ओढून घेतो, घड्याळं बंद पाडतो, कार्डं कोरी करून परत देतो. जाता-येता त्या ट्रेमध्ये डोकावायची जोडारीला जुनी खोड. दार न उघडता आत कोण आहे ते कळतं, किती वेळ बसायच्या बेतानं आलंय तेही कळतं, आणि आपण कुणाला काही विचारलं नाही असं म्हणायला आपण मोकळे. त्या सकाळी ट्रेमध्ये चुंबकवाल्याचा किल्ल्यांचा जुडगा होता, त्याचं फुगलेलं पाकीट होतं, आणि दोहोंच्या मधे, पट्टा आत दुमडून नीट ठेवलेलं, जोडारीच्या बायकोचं घड्याळ होतं.

तो थांबला नाही. थांबलं की थांबलेलं दिसतं. त्याच चालीनं पुढे गेला, जिना चढला, आपल्या खोलीत जाऊन खुर्चीत बसला आणि मग आतल्या आत थांबला. घाईत असली की ती घड्याळ नुसतं टाकते, पट्टे दोन दिशांना पसरलेले; घरी आरशासमोर रोज तसंच पडलेलं असतं. पट्टा दुमडला म्हणजे बसायचं होतं. बसून बोलायचं होतं. आणि आज तिनं तिथं बसणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं, कारण आज उघडणी होती, सगळ्यांच्या फायली एकदम उघडायचा दिवस, आणि उघडणीच्या आधी मोजणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही हा नियम त्यानं स्वतः केला होता. नियम करणाऱ्याला एक सुख असतं: मोडणारा सापडला की दुःखाच्या आधी समाधान होतं. ते समाधान त्यानं क्षणभर चाखलं, मग त्याची चव उतरली.

जोडारी हे अर्थात त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कारखान्यात निरनिराळ्या यंत्रांवर झालेले भाग आणून देतात आणि जोडारी ते एकमेकांत बसवतो, तसं हा करायचा, फक्त भाग डोळ्यांना दिसणारे नव्हते. शरीरात एक थोरलं प्रथिन आणि एक धाकटं प्रथिन एकमेकांना मिठी मारतात. ती मिठी नेमकी कशी, कुणाचा खांदा कुठे आणि कुणाची हनुवटी कुठे, हे काढायचं काम या मंडळींकडे होतं, कारण औषधवाल्यांना त्या मिठीत पाचर मारायची होती. पूर्वीचे लोक प्रथिनाचा स्फटिक करून त्याची छबी काढत. पण रांगेत ताठ उभा करून काढलेल्या छबीत माणूस जसा दिसतो तसा तो घरी बसत नाही. जोडारीला तो घरी बसलेला पाहिजे होता, पाण्यात, मोकळा. आणि पाण्यातल्या प्रथिनाबद्दल कुठलंच एक यंत्र पुरतं बोलत नाही. त्याची बायको किरणवाली. ती प्रथिन विरघळलेल्या पाण्यावर एक्स-रे सोडते, किरण विखुरतात, आणि त्या विखुरण्यावरून ती एकूण अंगलोट सांगते: पांघरुणाखाली झोपलेला माणूस लांबोडका की गोलमटोल, पाय पोटाशी घेतलेत की ताणलेत. नाकडोळे तिला दिसत नाहीत. चुंबकवाल्याचं उलट, कोणता अणू कोणाच्या शेजारी बसलाय ते तो कानात कुजबुजल्यासारखं सांगतो, पण सगळा माणूस केवढा असं विचारलं की खांदे उडवतो. तिसऱ्या वजनकाकू. निवृत्तीला टेकलेल्या, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणाऱ्या. त्या प्रथिनाच्या दोन जवळच्या जागांना रसायनाची टाचणी मारतात, मग सगळ्याचे तुकडे करून तुकड्यांची वजनं करतात, आणि कोणता तुकडा कोणाला टाचलेला निघाला त्यावरून कुणाचा हात कुठवर पोचत होता ते ताडतात. तिघंही खरं बोलतात आणि तिघंही अर्धं बोलतात. तीन अर्ध्यांतून एक पुरं उभं करायचं, ही जोडारीची विद्या. म्हणूनच नियम: तिघांनी तीन खोल्यांत मोजायचं, एकमेकांना काही दाखवायचं नाही, कच्ची फाइल ज्यानं त्यानं फक्त त्याच्याकडून तपासून घ्यायची, आणि पक्क्या तिन्ही त्यानं एका वेळी उघडायच्या. तीन साक्षीदार आधी चहाला भेटले तर साक्ष एकच उरते.

त्यानं फायली उघडल्या. संगणकानं थोरल्याला धाकट्याभोवती फिरवलं, वळवलं, लाखो तऱ्हांनी मिठ्या मारून बघितल्या, आणि प्रत्येक मिठी तिघांच्या मोजमापांशी ताडून पाहिली. न जुळण्याचा जो आकडा येतो त्याला या मंडळींत बेबनाव म्हणत. बेबनाव एकाच्या आसपास असला की तो नाहीच असं धरत, फार वर गेला की कुणीतरी चुकलंय. इतक्या वर्षांत पहिल्याच उघडणीत बेबनाव नाही असं कधी झालं नव्हतं. किरणं एक म्हणत, टाचण्या दुसरं, चुंबक तिसरंच, आणि मग जोडारी ज्याचं जुळत नसेल त्याची फाइल वर दोन शब्द लिहून परत पाठवी: पुन्हा पाहावे. आज तिन्हींचा बेबनाव एकाला चिकटून होता. पडद्यावर थोरल्यानं धाकट्याला असा घट्ट जवळ घेतला होता की मधून वारा जाऊ नये. दुसरा कुणी असता तर खुर्चीतून उठून नाचला असता. हा पडद्याजवळ तोंड नेऊन फट शोधू लागला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. पहारेकऱ्याच्या मनात कायमची अमावस्या असते, हे कुणी म्हणत नाही.

जुळलेलं त्याला सोसत नसे, त्याला कारण त्याची आई. आई दोघा भावांना कधी एकत्र विचारत नसे. काही फुटलं, सांडलं, हरवलं, की थोरल्याला स्वयंपाकघरात घ्यायची आणि धाकट्याला गच्चीवर, आणि तेच तेच प्रश्न, कपडे वाळत घालता घालता, अगदी सहज. हा धाकटा. गच्चीवरच्या ओल्या चादरींच्या मधे उभं राहून उत्तरं देताना त्याला चादरीपलीकडे आईचे फक्त पाय दिसायचे, आणि पायांवरून तो ताडायचा की दादानं खाली काय सांगितलंय. मग दोघे शहाणे झाले. अंथरुणात डोक्यावरून पांघरूण घेऊन आधीच ठरवायचे: काचेची बरणी मांजरानं पाडली, मांजर खिडकीतून आलं, खिडकी वाऱ्यानं उघडली. दुसऱ्या दिवशी आईनं दोघांचं ऐकून घेतलं आणि दोघांनाही बदडलं. "एकजण म्हणतो मांजर, दुसरा म्हणतो मांजर. एकाला वारा, दुसऱ्यालाही वारा. अरे, खरं बोलणाऱ्यांचं एवढं जुळत नसतं रे!" मांजर खरोखरच आलं होतं. ती गोष्ट दोघांनी आईला ती मरेपर्यंत पटवून पाहिली, तिला पटली नाही. दादा ते हसण्यावारी नेऊन मोकळा झाला. याच्या मनात मांजर पुसट झालं आणि आईचं वाक्य तेवढं ठळक राहिलं. आणि पुढे त्याच वाक्याचे त्याला पगार मिळू लागले.

दुपारी कँटीनमध्ये वजनकाकूंनी त्याला हाक मारून समोर बसवलं. त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि हात टेबलावर चष्मा शोधत होता.

"काय रे जोडारी, तोंड का असं? बेबनाव चढला की काय?"

"नाही काकू. बेबनावच नाही."

"मग रडतोस काय? आज संध्याकाळी औषधवाल्यांना पाठवून टाक, आणि एकदाची पार्टी दे. तुझ्या पार्टीची वाट बघता बघता मी निवृत्त होईन."

"इतकं कसं जुळलं ते बघतोय."

"त्यात बघायचं काय? जबडा मिटलेला असला की सगळ्यांना मिटलेलाच दिसणार."

जबडा. कप त्याच्या ओठाशी होता तो तिथंच राहिला. त्या मिठीला जबडा फक्त त्याची बायको म्हणायची. एका सकाळी दात घासता घासता, तोंडात फेस, बेसिनवर वाकून ती म्हणाली होती की हे थोरलं आहे ना, ते मिठीबिठी काही मारत नाही, ते जबड्यासारखं आहे. त्यानं ऐकून सोडून दिलं होतं, कारण दात घासताना बोललेल्या गोष्टी तो मोजमापात धरत नसे. त्यानं तो शब्द कुणापुढे उच्चारला नव्हता. घरच्या बेसिनमधला शब्द कँटीनच्या टेबलावर आला होता.

"जबडा कोण म्हणालं, काकू?"

काकूंनी कपात पाहिलं. चहा संपला होता तरी पाहिलं. "म्हणालं असेल कुणीतरी, बाबा. मी वजनं करते. भानगडी नाही मोजत." मग कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी त्याच्याकडे बघितलं, एखादा तुकडा अपेक्षेपेक्षा जड निघाला की बघत तसं. "आणि तूही मोजू नकोस. जरा खाऊन घे. वाळलास."

म्हणजे तिघंही. एक जोडी असती तर ते घरातलं दुःख होतं. तिघं म्हटल्यावर कट झाला, आणि कट म्हटलं की जोडारीला थोडं बरं वाटलं. बायको आणि मित्र हे दोन शब्द एका ओळीत आणायचं त्याच्या मनात धाडस नव्हतं, पण नियम मोडून मोजमापं जुळवून घेणं, हे कसं, कार्यालयीन दुःख होतं, त्याला फाइल होती, त्यावर दोन शब्द लिहिता येत होते. तरी जिना उतरताना कार्यालयीन दुःखाच्या खालून दुसरं वर येतच होतं. चुंबकवाला कॉलेजपासूनचा मित्र. याच्या लग्नात याच्यापेक्षा जास्त हसलेला. गेल्या हिवाळ्यात एकदा गॅलरीच्या टोकाला ती दोघं उभी होती, ती हातवारे करून काही सांगत होती आणि चुंबकवाला मान मागे टाकून हसत होता, आणि हा जवळ आल्यावर दोघंही गप्प झाली. गप्प होण्यात काही नसतं, माणसं बोलतात आणि गप्प होतात. पण ती एकदम गप्प झाली होती. एकाच क्षणी. बेबनाव नाही.

चुंबकाच्या खोलीबाहेरचा ट्रे आता रिकामा होता. त्यानं आपल्या किल्ल्या, पाकीट, पट्ट्याचं बक्कल असं सगळं काढून ठेवलं आणि विजार एका हातानं धरून आत गेला. संशय घ्यायला निघालेल्या माणसाला विजार धरून जावं लागणं, हे वरच्याला विनोदबुद्धी असल्याचं लक्षण. आत ते पांढरं पिंप उभं होतं, माणसापेक्षा उंच, पोटात गारठा घेऊन, आणि चुंबकवाला त्याच्या पायाशी शिडीवर बसून सफरचंद खात होता.

"सकाळी कुणी आलं होतं का रे?"

"इथं? सगळी दुनिया येते. हिलियमवाला येऊन गेला. एसीवाला येणार होता, तो आला नाही."

"आणखी?"

"पोलिसात लागलास काय? वहिनी आल्या होत्या."

"कशाला?"

"त्यांनाच विचार. तुझ्याच घरात राहतात ना?" आणि हसला, पण हसणं मधेच थांबवून सफरचंदाकडे बघू लागला. शिडीवरून खाली उतरला. आवाजही उतरवला. "ऐक. फाइल जाऊ दे आज. सगळं जुळलंय तुझ्या मनासारखं. शिवलेलं कशाला उसवतोस?"

"माझ्या मनासारखं म्हणजे?"

"म्हणजे... जुळलंय, असं." त्यानं सफरचंदाचा गाभा इकडे तिकडे बघत हातातच धरून ठेवला, त्या खोलीत कचऱ्याची टोपली नव्हती, पत्र्याची चालत नाही म्हणून. जोडारीनं तो गाभा पाहिला, बोटांवरून ओघळणारा रस पाहिला, आणि या हातानं आपल्या बायकोच्या हातात काय दिलं असेल असा विचार त्याच्या मनात इतका उघडा येऊन उभा राहिला की तोच दचकला.

घरी तो असा थेट कधी विचारत नसे. आईसारखंच, सहज. ती उशिरा आली की दार उघडताना म्हणायचं, आज गर्दी होती वाटतं. मग जेवताना दुसऱ्या बाजूनं: ती तुझी मैत्रीण भेटते का गं हल्ली? मग झोपताना पांघरूण नीट करता करता: आणि किती वाजता निघालीस म्हणालीस? तीन ठिकाणांहून तीन मापं. लग्नाच्या सुरुवातीला ती ऐसपैस उत्तरं द्यायची. बसमध्ये एक बाई भेटली, तिच्या पिशवीत जिवंत कासव होतं, मग ती उतरली तर मी पण उतरले बघायला, मग रस्ताच चुकले. असल्या उत्तरांचं काय करायचं? कासव कुठेच बसत नव्हतं. तो पुन्हा विचारायचा. ती पुन्हा सांगायची, थोडं कमी. पुढे पुढे कासवं गेली. गर्दी होती, काम होतं, आईकडे गेले होते. उत्तरं कपाटाच्या खणासारखी झाली, ढकलली की बसली, आवाज नाही. गेल्या कित्येक वर्षांत तिच्या एकाही उत्तरात त्याला खोट सापडली नव्हती, आणि आपला संसार सुखाचा चालल्याचा हाच पुरावा म्हणून तो धरून चालला होता. आता जिन्याच्या मधल्या पायरीवर, एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात किल्ल्या, त्याला पहिल्यांदा वाटलं की या पुराव्याला वास येतोय. कुठेतरी पाणी मुरतंय. आणि ते कुठे मुरतंय हे सांगणारं कासव आपण केव्हाच हाकलून दिलंय.

किरणांच्या खोलीवरचा लाल दिवा विझलेला होता, म्हणजे आत जाता येत होतं. थंड करायच्या पाण्याची गुळगुळ भिंतीतून चालली होती. ती काचेची बारीक नळी धुवत होती, प्रकाशासमोर धरून बघत होती आणि पुन्हा धुवत होती. त्याला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही, आणि हे त्यानं टिपलं.

"मीठ किती होतं गं पाण्यात? शेवटच्या मोजणीला?"

ती हसली. "हे विचारायला दोन मजले उतरून आलास?"

"सकाळी चुंबकाकडे होतीस."

"होते."

"उघडणीच्या दिवशी."

"घड्याळ दिसलं ना? तू बघणारच. ॲप्रनच्या खिशात ठेवून ॲप्रन बाहेर टांगता आला असता मला. मुद्दाम ट्रेमध्ये ठेवलं, वर, नीट." तिनं नळी खाली ठेवली. "तोंडानं सांगायला जमेना. म्हटलं, तू स्वतःच शोधलंस तर तुला पटेल तरी."

यासाठी त्याची तयारी नव्हती. लपवलेलं काढायला तो आला होता. दाखवलेल्याचं काय करतात हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं स्टूलला हात लावला, बसला नाही.

"काय सांगायला जमेना?"

"पहिली कच्ची फाइल आठवते तुला? मी दिलेली? ती एका आकारात मावतच नव्हती. लांबोडकं पण निघत होतं आणि गोलमटोल पण. तू परत पाठवलीस. मी पुन्हा मोजलं. तेच आलं. तू परत पाठवलीस. नमुना खराब असेल म्हणालास, मी नवा केला. तेच आलं. मग नळी अस्वच्छ असेल म्हणालास." तिनं हातातली चिंधी घडी केली. "मग एक दिवस मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, तुझं मोजून झालेलं उरलंसुरलं दे मला. त्याला लागतं दाट, आणि मीठ कमी. दाट पाण्यात जबडा मिटतो. ते मी मोजलं. जुळलं. तू शाबास म्हणाला नाहीस, पण परतही पाठवलं नाहीस. तेव्हापासून त्याच्याच नळीतलं मोजतेय."

"आणि काकू?"

"काकूंच्या काही टाचण्या लांबच्या होत्या. जबडा उघडा असेल तेव्हाच पोचतील अशा. तू म्हणालास कचरा आहे. त्यांनी कचऱ्यात टाकल्या. मोठ्या माणसाशी वाद कोण घालणार, म्हणाल्या. त्या तुझ्याहून मोठ्या असून म्हणाल्या."

"म्हणजे खोटं किती आहे यात?"

"काहीच नाही. एकेक बिंदू खरा आहे. हवं तर सगळं तपास, काही सापडणार नाही तुला. फक्त तसलं पाणी अंगात नसतं. अंगातल्या पाण्यात तो अर्धा वेळ उघडा असतो आणि अर्धा वेळ मिटलेला. आज ते सांगून टाकू या म्हणून मी सकाळी त्याला विचारायला गेले. तो नको म्हणाला. घाबरलाय. फाइल जाऊ दे म्हणाला, नाहीतर पुन्हा परत येईल."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं की. तू त्याला बेबनाव म्हणतोस."

पाणी भिंतीतून गुळगुळत राहिलं. जोडारी मनातल्या मनात आपली वर्षं चाळू लागला, आणि हे काम त्याला चांगलं येत होतं. ज्याचं जुळलं नाही त्याला त्यानं दर वेळी पुन्हा पाहायला लावलं होतं. ज्याचं जुळलं त्याला? एकदाही नाही. जुळलेल्याचा त्याला मनातून संशय यायचा, रात्र जायची, पण लेखणी चालायची ती न जुळलेल्यावर. शंका सगळ्यांवर आणि शिक्षा एकाच बाजूला. असं केलं की माणसं शिकतात. भावंडं पांघरुणाखाली शिकली होती, ही तर शिकलेलीच माणसं. त्यांना कट करायची गरजही नव्हती. तीन खोल्यांत बसून, नियम पाळूनही, ती हळूहळू त्याच्याकडे सरकत आली असती, पाणी उताराकडे जातं तशी. हे त्याला कळलं तेव्हा त्याला राग आला, आणि राग कुणावर काढावा हे शोधताना खोलीत दोनच माणसं निघाली.

संध्याकाळी औषधवाल्या बाईंचा फोन यायचा होता. फोन आला तेव्हा जोडारी तिथंच होता, तिच्या खोलीत, उभा. फाइल दिली तर आज सगळ्यांची नावं चांगली राहत होती आणि तिकडे ते लोक मिटलेल्या जबड्यावर वर्षानुवर्षं पाचरी घडवत बसणार होते, ज्या जबड्यात पाचर जायला जागाच नाही. नाही दिली तर का नाही हे सांगावं लागणार होतं. त्यानं फोन उचलला.

"पाठवताय ना?" बाई म्हणाल्या. "आमची माणसं थांबलीत."

"नाही पाठवत. आकार एक नाहीये. दोन आहेत."

"दोन? मग त्यातला खरा कुठला?"

"दोन्ही."

"अहो असं कसं? मग दोन्हींची सरासरी पाठवा तूर्तास."

"अर्धवट उघडा जबडा तिथं कधीच नसतो, बाई. सरासरी कुणाचीच नसेल."

"हे आत्ता कळतंय तुम्हाला? मागच्या भेटीत तर एकच म्हणाला होतात. चूक कुणाची झाली?"

बायको त्याच्याकडे बघत नव्हती; ती आधीच धुतलेली नळी पुन्हा धुवत होती. "मोजणाऱ्यांची नाही," तो म्हणाला. "त्यांनी दोनच दिले होते. मी एकच मागत होतो." पलीकडे कागद सरकल्याचा आवाज झाला. वरच्यांना कळवावं लागेल, बाई म्हणाल्या, करार पुढे चालेल की नाही सांगता येत नाही. कळवा, तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला. उद्या चुंबकवाला भांडेल. काकू म्हणतील, टाकलेल्या टाचण्या आता कुठून आणू, नव्यानं माराव्या लागतील, म्हणजे माझी निवृत्ती गेली. करार गेला तर ही खोलीही जाईल कदाचित. हे सगळं ओझं स्पष्ट होतं, त्याला कडा होत्या, ते उचलता येण्यासारखं होतं. त्याच्या खालचं नव्हतं.

"घरी पण असंच?" तो म्हणाला.

"घरी काय?"

"घरी पण मला जुळेल तेवढंच देतेस?"

तिनं नळ बंद केला. ॲप्रनला हात पुसले, एकेक बोट, आणि इतका वेळ लावला की त्याला वाटलं आता एखादा खण ढकलून बंद होईल: गर्दी होती, काम होतं.

"दुसऱ्या गावाहून मला बोलावणं आलंय," ती म्हणाली. "किरणांचं मोठं यंत्र आहे तिथं. मी हो म्हणून कळवलंय."

त्यानं स्टूलवरचा हात काढून घेतला.

"मला जायचंय." मग ती खिडकीकडे गेली, बाहेर सायकलींच्या स्टँडवर कुणीतरी कुलूप उघडत होतं ते बघत राहिली, आणि तशीच, पाठमोरी म्हणाली, "आणि मला जायचं नाहीये."

त्याच्या जिभेवर शब्द तयार होता. शब्द कसला, सवयच ती. दार उघडताना, जेवताना, पांघरूण सारखं करताना. नक्की काय ते सांग. तो शब्द त्यानं दातांमागे धरला आणि धरताना त्याला खरोखर दुखलं, जबड्याच्या सांध्याशी, कानाखाली. ती वाट बघत होती. तिच्या पाठीवरून कळत होतं की ती वाट बघतेय, खांदे किंचित वर, मार यायच्या आधी मुलं करतात तसे. मार आला नाही. थोड्या वेळानं खांदे उतरले आणि ती वळली.

"विचारत नाहीयेस."

"नाही."

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, विश्वास ठेवावा की न ठेवावा, आणि ठेवायचा झाला तर किती, याचा अंदाज घेत. आता संशय तिचा होता, आणि तो वाजवी होता.

"मागचा सबंध हिवाळा," ती म्हणाली, "मला तो आवडत होता. चुंबकवाला. त्याला माहीत नाही. झालं काही नाही, होणारही नव्हतं. मी नळी आणायला जायचे आणि उगीच थांबायचे थोडा वेळ. आता नाही आवडत." ती थांबली. "बहुतेक."

ज्या माणसानं जन्मभर एकही 'बहुतेक' परत पाठवल्याशिवाय सोडला नव्हता, त्यानं तो तसाच राहू दिला; स्टूल ओढलं, आणि पुढचं ऐकायला बसला.